‘एन्व्हर्स’ आणि फेरफाराची नोंदवही

डेटाबेसातील नोंद बदलली की तिचे पूर्वरूप सामान्यतः पुसले जाते. ते जतन करून हवे तेव्हा पुन्हा उपलब्ध करून देणे, हे जावा भाषेतील ‘हायबरनेट एन्व्हर्स’ या साधनाचे प्रयोजन होय. ज्या वर्गावर ‘ऑडिटेड’ अशी खूण केलेली असेल, त्यातील नोंदीची प्रत प्रत्येक बदलाबरोबर निराळ्या कोष्टकात साठविली जाते व तिला आवृत्तिक्रमांक मिळतो. क्रमांक वा दिनांक दिला असता त्या वेळची नोंद परत मिळते. इतक्या अल्प श्रमात एवढी सोय, हा या साधनाचा गुण निःसंशय मोठा आहे.

परंतु त्याची खरी कसोटी हक्कनोंदींवर लागते. महाराष्ट्रात सातबाऱ्यावरील जुने नाव नाहीसे करीत नाहीत. ते कंसात जाते व नव्या नावाबरोबर फेरफाराचा क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना 6 मध्ये बदलाचे कारण सापडते. एन्व्हर्स मूळ रूपात केवळ क्रमांक व वेळ टिपते. कारण आणि कर्ता यांची योजना प्रोग्रामकाराने स्वतः करावयाची असते.

याहून गंभीर उणीव काळाविषयी आहे. समजा, मालवण तालुक्यातील एका माडबागायतीचा खातेदार 2012 साली वारला आणि मुंबईस राहणाऱ्या वारसांची नोंद 2019 साली झाली. 2015 सालचा धारक कोण, असे विचारता एन्व्हर्स मृताचेच नाव सांगेल. दप्तराच्या दृष्टीने हे उत्तर अचूक आहे. हक्काच्या दृष्टीने ते चूक आहे, कारण वारसाहक्क मृत्यूबरोबरच उत्पन्न होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 149 मध्ये हक्कप्राप्तीपासून तीन महिन्यांत वर्दी देण्यास सांगितले आहे, ते हक्क आणि नोंद यांतील हे अंतर गृहीत धरूनच.

स्नॉडग्रास व आन यांनी 1985 साली या दोन काळांचा भेद स्पष्टपणे मांडला होता, आणि 2011 च्या एसक्यूएल मानकात दोहोंसही स्थान मिळाले. एन्व्हर्सने त्यांपैकी नोंदकाळच तेवढा पत्करला आहे. म्हणून हक्काच्या आरंभाचा व अंताचा दिनांक मूळ नोंदीतच स्वतंत्रपणे ठेवणे अवश्य ठरते. तसे न केल्यास जुनी आवृत्ती निर्दोष रीतीने हाती येईल, आणि तिच्या आधारे दिलेला निर्णय मात्र वारसांवर अन्याय करील.