नकाशात टँकर कुठे काढायचा?

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय आहे विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि पुनरुज्जीवक रचना. शब्द जड आहे, आधी तो हलका करून घेऊ. शाश्वत रचना म्हणजे नुकसान कमीत कमी करणं. पुनरुज्जीवक रचना त्याच्या पुढे जाते. जे बिघडलंय ते सावरावं, माती, पाणी आणि माणसं यांची ताकद वाढावी, असं ती म्हणते. जॉन लाइल या अमेरिकन प्राध्यापकांचं यावरचं पुस्तक १९९४ साली आलं. पण सुरुवात झाली ती १९७६ मध्ये त्यांनी वर्गात दिलेल्या एका प्रकल्पातून. पुढे पोमोनाच्या आवारात तशी वस्ती प्रत्यक्ष उभी राहिली आणि विद्यार्थी तिथे राहायला गेले. आराखडा चुकला तर त्याचा त्रास राहणाऱ्याला होणार, ही अट तिथे आपोआप आली.

आता आपल्याकडे या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची मुलं विषय चांगले निवडतात, हे आधी सांगतो. ठाण्याची खाडी, आधारवाडीची कचराभूमी, आणि सगळ्यात जास्त वेळा वालधुनी. ही नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला खाडीकडे जाते. मुलं काठाने चालतात, नाले मोजतात, फोटो काढतात. हे काम मनापासून केलेलं असतं.

घोटाळा होतो शेवटच्या शीटवर. तिथे नदी निळी होते. काठावर कर्दळ, पाणकणीस, सायकलचा रस्ता आणि दोन बगळे. अहो, कर्दळीचा वाफा घरगुती सांडपाणी बऱ्यापैकी सुधारतो, त्याला जागा आणि वेळ दिला तर. पण त्यात काम करतात मुळांजवळचे जिवाणू. रसायनाचा लोंढा आला की तेच मरतात. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. तो टँकर मी एकाही शीटवर पाहिलेला नाही. आणि काठावरची घरं? बहुतेक शीटवर तिथे हिरवा पट्टा असतो. ती माणसं कुठे गेली, यावर कुणी बोलत नाही.

एका मुलीने बोललं होतं. ती स्वतः नदीकाठच्या चाळीत राहणारी. तिच्या प्रकल्पात तीनच गोष्टी होत्या. २६ जुलै २००५ ला पाणी जिथवर चढलं, त्या रेघेच्या वर कागदपत्रं आणि शेगडी ठेवायला चाळीचा सामाईक माळा. बावीस घरांच्या मोरीच्या पाण्यासाठी खडी आणि कर्दळीचा एक वाफा. आणि पुलाजवळच्या दुकानात एक वही. पाण्याचा रंग किंवा वास बदलला की तारीख, वेळ लिहायची. तिने आम्हालाच विचारलं, "सर, टँकर रात्री येतो. नकाशात तो कुठे काढायचा?"

ज्युरीत मी होतो. आम्ही म्हटलं, व्याप्ती कमी आहे. गुणही कमी दिले. आज मला वाटतं, त्या वर्षी पुनरुज्जीवक म्हणावा असा तो एकच प्रकल्प होता. नदी आजारी का आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि कॉलेज संपल्यावरही ती वही चालू राहू शकली असती. आम्ही चित्राला गुण दिले, निदानाला नाही.

दुसरी वाट आहे. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रातले विद्यार्थी गावात जाऊन नळयोजना तपासतात. टाकी किती लिटरची, पाणी शेवटच्या घरी पोचतं का, असे साधे प्रश्न. शहापूरसारख्या तालुक्यात, जिथली धरणं मुंबईला पाणी देतात आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात, तिथे अशाच प्रश्नांची गरज आहे. ते शीटवर देखणे दिसत नाहीत, एवढंच.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. ज्युरीत त्या वस्तीतला एक माणूस बसवा. प्रकल्पाची देखभाल कोण करणार, ते नाव लिहून घ्या. आणि वर्षभराने त्याच जागी परत जाऊन या. त्या मुलीचे गुण आता बदलता येणार नाहीत. पुढच्या मुलीचे येतील.

आता प्रश्न घेऊ.