'क्रॅश' : एका शीर्षकाचे दोन अर्थ

इंग्रजीतील 'क्रॅश' हा शब्द मुळात ध्वन्यनुकारी मानला जातो. मराठीत मात्र त्याला एकच प्रतिशब्द नाही. मोटारींची टक्कर होते, विमान कोसळते, शेअर बाजार गडगडतो, संगणक बंद पडतो. मराठी क्रियापदे घटनेनुसार बदलतात; इंग्रजी शब्द या साऱ्यांना एकाच आघाताच्या कल्पनेत बांधतो. या व्याप्तीमुळेच तो दोन परस्परविरोधी कलाकृतींचे शीर्षक होऊ शकला.

जे. जी. बॅलर्ड यांच्या १९७३ च्या 'क्रॅश' या कादंबरीत टक्कर हा वासनेचा विषय आहे. वॉन हा नायक एलिझाबेथ टेलर या अभिनेत्रीच्या मोटारीवर आदळून मरण्याचे स्वप्न पाहतो. धातू, काच आणि जखमा यांचे वर्णन येथे तांत्रिक अहवालाच्या थंडपणे येते. शब्दाचा वाच्यार्थ लेखक शेवटपर्यंत सोडत नाही. वाचकाला दिलासाही देत नाही.

पॉल हॅगिस यांच्या २००४ च्या 'क्रॅश' या चित्रपटात हाच शब्द रूपक होतो. लॉस एंजेलिसमधील भिन्न वंशांची माणसे एकमेकांवर आदळतात. झडतीच्या निमित्ताने एका कृष्णवर्णीय स्त्रीचा विनयभंग करणारा गोरा पोलिस पुढे तिलाच पेट घेणाऱ्या मोटारीतून वाचवतो. प्रसंग प्रभावी आहे. परंतु सत्तेच्या गैरवापराचा प्रश्न त्यात वैयक्तिक प्रायश्चित्तात विरून जातो. २००६ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळूनही ही उणीव झाकली जात नाही.

या दोन्ही शीर्षकांसाठी 'अपघात' हा प्रतिशब्द सहज सुचेल, पण तो दिशाभूल करणारा ठरेल. या शब्दात 'घात' असला तरी रूढ वापरात तो योगायोग सुचवतो. बॅलर्ड यांची टक्कर मात्र हेतुपुरस्सर आहे आणि हॅगिस यांच्या पात्रांमधील संघर्षामागे वंशभेदाचा इतिहास आहे. १९२९ च्या वॉल स्ट्रीटवरील घसरणीमागेही कर्जाऊ पैशांवरची सट्टेबाजी होतीच.

तात्पर्य, प्रतिशब्दाची निवड ही केवळ कोशाची बाब नाही. घटनेला कोणते नाव दिले जाते, यावर तिची जबाबदारी माणसाकडे जाते की दैवाकडे, हे ठरते. अनुवादकाने आणि समीक्षकाने म्हणूनच प्रथम विचारावे : येथे कोण आदळले, आणि का?