'टेक' आणि 'घेणे' : एका कोशगत पर्यायाची चिकित्सा

इंग्रजीतील 'टेक' या क्रियापदाचा मराठी पर्याय म्हणून 'घेणे' हे क्रियापद इतके रूढ झाले आहे की, त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मोल्सवर्थ व कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून (१८४७) आजच्या शालेय कोशांपर्यंत द्वैभाषिक कोशांची परंपरा अखंड आहे. तथापि कोशातील पर्याय हा दोन शब्दांच्या अर्थक्षेत्रांचा छेद असतो, त्यांची एकरूपता नव्हे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा उगम सारखाच दिसतो. 'टेक' हा प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला व त्याने तेथील मूळच्या 'निमन्' या धातूची जागा घेतली. 'घेणे' हे संस्कृत 'ग्रह्', प्राकृत 'गेण्ह' या मालिकेतले. दोहोंच्या मुळाशी हाताने धरण्याची कल्पना आहे. पुढील वाटा मात्र भिन्न झाल्या. 'टेक'मध्ये धरणे आणि दूर नेणे हे दोन्ही व्यापार सामावले. मराठीने त्यांची विभागणी केली. औषध घ्यावयाचे, पण मूल शाळेत न्यावयाचे. वेळ 'लागतो', छायाचित्र 'काढतात', घटना 'घडते'. या सर्व ठिकाणी इंग्रजीत 'टेक' चालते, मराठीत 'घेणे' चालत नाही. उलट 'पेट घेणे', 'उडी घेणे', 'धाव घेणे' हे प्रयोग इंग्रजी क्रियापदाच्या आधाराने उलगडत नाहीत.

या भेदाचे कारण 'घेणे'च्या दिशेत शोधले पाहिजे. मराठीत 'घेणे' एकटे नांदत नाही; 'देणे' हे त्याचे नित्य प्रतियोगी आहे. घेणेकरी व देणेकरी, लिहून घेणे व लिहून देणे, या जोड्या त्याची साक्ष देतात. सहायक क्रियापद म्हणून 'घेणे' क्रियेचे फळ कर्त्याकडे वळवते, 'देणे' ते दुसऱ्याकडे पोचवते. संस्कृतातील आत्मनेपद-परस्मैपद या भेदाचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. 'टेक'च्या अनेक प्रयोगांत असा देणारा गृहीत धरलेला नसतो. कर्ता कार्य अंगावर घेतो, एवढेच तेथे विवक्षित असते.

परीक्षेसंबंधीचा प्रयोग या दृष्टीने निर्णायक ठरतो. इंग्रजीत परीक्षा 'टेक' करतो तो विद्यार्थी. मराठीत परीक्षा घेतो तो परीक्षक आणि देतो तो विद्यार्थी. मराठीच्या दृष्टीने उत्तर हे देणे आहे. ते वसूल करणारा परीक्षक हा घेणेकरी होय. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या परिसरात हा भेद रोज ऐकू येतो. 'पोरगा परीक्षा देऊन राहिला' या नागपुरी वाक्यात अपूर्ण क्रिया दाखवण्याची रीत पुणेरी मराठीहून वेगळी, हिंदीच्या जवळची आहे. परंतु देण्याची दिशा अढळ आहे.

हाच विद्यार्थी इंग्रजीत बोलताना परीक्षा 'गिव्ह' करतो आणि त्याची चूक काढली जाते. परकीय भाषेच्या नियमाने ती चूक खरीच. पण अर्थ कळण्यास तेथे फारशी बाधा येत नाही. याउलट अनुवादित मजकुरात 'विद्यार्थ्यांनी परीक्षा घेतली' असे छापले गेले, तर परीक्षक व परीक्षार्थी यांच्या भूमिकांची अदलाबदल होते, आणि व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असल्यामुळे ती लक्षातही येत नाही. पहिल्या दोषाबद्दल गुण कापले जातात. दुसरा दोष निमूटपणे रूढ होतो. वास्तविक अधिक घातक तो दुसराच.

म्हणून द्वैभाषिक कोशाने 'टेक'पुढे 'घेणे' हा शब्द मांडून थांबणे पुरेसे नाही. कोण देतो, कोण घेतो आणि फळ कोणाकडे जाते, हे प्रत्येक प्रयोगागणिक नोंदवले पाहिजे. क्रियापदाचा अर्थ त्याच्या कारकसंबंधांत असतो. ते वगळून दिलेला पर्याय हा केवळ अर्थाचा आभास होय.