घानांतील कोको-शेतकरी व विकासनीतीचीं साधनें : एक परीक्षण

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या आर्थिक वाढीसंबंधीं गेल्या सत्तर वर्षांत विपुल लेखन झालें आहे. त्यांतील पुष्कळसें लेखन सिद्धान्त आधीं व साधनें मागाहून, अशा क्रमानें झालेलें दिसतें. या प्रघातास ठळक अपवाद म्हणजे पॉली हिल यांचा 'दक्षिण घानांतील स्थलांतरित कोको-शेतकरी' हा, केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें १९६३ सालीं प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ होय. ग्रंथ जुना आहे. परंतु साधनचिकित्सेच्या दृष्टीनें त्याची योग्यता अद्याप कमी झालेली नाहीं, म्हणून त्याचें परीक्षण येथें करीत आहों.

मूळ प्रश्न असा. घानास १९५७ पूर्वीं गोल्ड कोस्ट म्हणत. तेथून १८९१ सालीं अवघा ८० पौंड कोको परदेशीं गेला. १९११ सालीं तोच आंकडा सुमारें ४०,००० टनांवर जाऊन हा देश कोकोच्या उत्पादनांत जगांत पहिला ठरला. वीस वर्षांत हें घडलें कसें? रूढ हकीकत अशी कीं, टेटे क्वार्शी यानें १८७९ च्या सुमारास फर्नांदो पो बेटावरून बीं आणलें, सरकारनें १८९० सालीं अबुरी येथें बाग घालून रोपें वांटलीं, आणि लहान शेतकऱ्यानें आपल्या वडिलोपार्जित जमिनींत अन्नधान्याशेजारीं चार झाडें लाविलीं. या हकीकतींत शेतकऱ्याचें कर्तृत्व जवळजवळ नाहींच. बखरीवर विसंबून लिहिलेल्या इतिहासाची जी गत होते, तीच येथें झाली होती.

हिल यांनीं बखर बाजूस ठेवून कागद हातीं घेतला. कोकोच्या झाडांच्या फांद्या सुजविणारा एक विषाणुजन्य रोग या देशांत पसरल्यावर रोगट झाडें तोडण्याची मोहीम निघाली व त्यासाठीं शेतीखात्यानें मळ्यांचे नकाशे तयार केले. नकाशांचा हेतु केवळ रोगनिवारणाचा होता. परंतु त्यांत कांहीं ठिकाणीं जमीन अरुंद, लांबलचक, समांतर पट्ट्यांत विभागलेली, तर कांहीं ठिकाणीं गोधडीच्या ठिगळांसारखी वेडीवांकडी दिसली. हा भेद कशामुळें, हें हिल यांनीं गांवोगांव विचारून उलगडलें. अक्वापिम डोंगराळ प्रदेशांतील व क्रोबो वगैरे लोकांतील शेतकरी १८९० नंतरच्या दशकापासून डेन्सु नदी ओलांडून अकिम प्रदेशांतील जंगलें तेथील सरदारांकडून रोख वा हप्त्यांनीं विकत घेत होते. जेथें वारसा पित्याकडून, तेथें आप्तसंबंध नसलेले खरेदीदारही एकत्र येऊन 'कंपनी' करीत व ज्याची जितकी रक्कम, त्या मानानें दोरानें रुंदी मोजून पट्टे पाडीत. जेथें वारसा मातृकुलाकडून, तेथें एकानें घेतलेली जमीन आप्तांत वांटली जाऊन ठिगळें पडत. पहिलें भांडवल ताडतेल व रबर यांच्या व्यापारांतून आलें. पुढें एका जमिनीचा नफा दुसरीच्या खरेदींत गेला. डेन्सुवरील पुलांसाठींही या शेतकऱ्यांनीं स्वतःचा पैसा घातला.

या निष्कर्षाचें महत्त्व केवळ पुराणवस्तुशास्त्रीय नाहीं. आर्थर लुईस यांनीं १९५४ सालीं मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धान्तांत जुनी शेती ही मुख्यतः मजूर पुरविणारी, व भांडवलाचा संचय आधुनिक उद्योगांत होणारा, अशी कल्पना होती. त्याच वर्षीं गोल्ड कोस्ट सरकारनें कायदा करून शेतकऱ्यास मिळावयाचा भाव ६० पौंडांच्या ओझ्यास ७२ शिलिंग असा बांधून टाकला. जागतिक बाजारभाव याहून पुष्कळ चढा होता. मधला फरक विकासासाठीं सरकारनें ठेवावा, असें धोरण होतें. सप्टेंबर १९५४ मध्यें कुमासी येथें जी विरोधी चळवळ उभी राहिली, तिच्या कारणांत हा भाव प्रमुख होता. ज्या वर्गानें दोन पिढ्या स्वतःच्या बचतींतून जमिनी घेतल्या व पूल उभारले, त्याच्या हातीं पैसा राहिल्यास तो वायां जाईल, हें कोणत्या पुराव्यावरून ठरविलें? हा प्रश्न ग्रंथ वाचून झाल्यावर टाळतां येत नाहीं.

आतां उणिवा. नकाशा सीमा सांगतो, काळ सांगत नाहीं. खरेदीचीं वर्षें ठरवितांना हिल यांस बऱ्याच ठिकाणीं वृद्धांच्या स्मरणावर विसंबावें लागलें आहे. अशा स्मरणांत पूर्वजांचें कर्तृत्व फुगण्याचा संभव असतो, हें वंशावळी हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. दुसरें असें कीं, ग्रंथाच्या उपशीर्षकांत 'ग्रामीण भांडवलशाही' हे शब्द आहेत. भांडवल म्हटलें कीं श्रमही आले. पिकाचा तिसरा हिस्सा घेऊन राबणारा 'अबुसा' मजूर मालकीच्या नकाशांत येत नाहीं, म्हणून ग्रंथाच्या चित्रांतही तो मागेंच राहतो. तिसरी गोष्ट, हें चित्र दक्षिणेंतील स्थलांतरितांचें आहे. अशांतीसह साऱ्या देशास तें लागू करणाऱ्यांचा दोष मात्र ग्रंथकर्त्रीच्या माथीं मारूं नये.

साधनांची ही निकड अद्याप संपलेली नाहीं. घानाच्या सांख्यिकी खात्यानें २०१० सालीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेचें आधारवर्ष १९९३ ऐवजीं २००६ धरलें, तेव्हां उत्पन्नाचा आंकडा सुमारें ६० टक्क्यांनीं वाढला व देश निम्न-मध्यम उत्पन्नाच्या वर्गांत जाऊन बसला. कोणाच्याही घरीं त्या दिवशीं एक पोतें अधिक आलें नव्हतें. पूर्वीं मोजणींतून सुटलेलें आतां धरलें गेलें, इतकेंच. ज्या आंकड्यांवर कर्जें व योजना ठरतात, त्यांचीही अस्सल-नक्कल पाहणें आवश्यक आहे, हें यावरून उघड होतें.

संग्राहकांनीं या ग्रंथावरून एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. ज्या कागदांनीं एका देशाचा आर्थिक इतिहास पालटला, ते राजपत्रें किंवा तहनामे नव्हते. रोगट झाडें शोधण्यासाठीं केलेले कचेरींतील नकाशे होते. काम संपल्यावर असे कागद सहसा रद्दींत जातात. ते जपले गेले, तरच पुढच्या संशोधकास नवा प्रश्न विचारतां येतो. ग्रंथ मूळांतून वाचावा, अशी आमची शिफारस आहे.