‘स्वामी’, ‘पानिपत’ आणि कागदांतील मौन

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा बहुधा दोन टोकांना अडकून पडते. इतिहासाचा अभ्यासक तारखा तपासतो, तर रसिक समीक्षक व्यक्तिरेखेच्या उत्कटतेला दाद देतो. अस्सल कागद जिथे अबोल होतात, तिथे कादंबरीकाराने काय भरले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. माधवराव १७६१ साली, पानिपतच्या पराभवानंतर, सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने वारले. या अकरा वर्षांतील राघोबादादांशी झालेला संघर्ष, निजाम व हैदर यांच्यावरील स्वाऱ्या यांविषयी साधने विपुल आहेत. रमाबाईंविषयी ती फार त्रोटक बोलतात. देसाई यांनी नेमकी हीच मोकळी जागा निवडली. कादंबरीचे लावण्य आणि तिचे दौर्बल्य दोन्ही तिथूनच उगवतात. पेशव्यांच्या घरातील संयत, अदबशीर संवादभाषा ही ‘स्वामी’ची निर्विवाद मिळकत होय. चुलत्या-पुतण्यांमधील राजकीय तेढ माधवरावांना आधी घरातले दुःख म्हणून सोसावी लागते, हेही पटते. परंतु त्याच जिव्हाळ्याने पुढे राज्यकारभार गिळून टाकला. दौलतीवरील कर्ज, सरदारांचे रुसवे, न्यायनिवाडे ही माधवरावांच्या दिवसाची खरी सामग्री पार्श्वभूमीला सरकते. आणि रमाबाईंचे सहगमन? ते घडले एवढे इतिहास सांगतो. त्यामागील मन कोणालाच ठाऊक नाही. कादंबरी ते निःशंकपणे जाणते आणि चितेला प्रेमकथेचा कळस बनविते. येथे आक्षेप कल्पनेला नाही. तिने धीट व्हायला हवे होते तिथेच ती रूढ भावनेच्या स्वाधीन झाली, हा आक्षेप आहे.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’चा (१९८८) पेच उलट आहे. येथे कागदांची दाटी आहे, क्वचित कथानक अडखळावे इतकी. पण गोविंदपंत बुंदेले पडल्यावर आटलेली रसद, उपाशी जनावरे, लष्करासोबत निघालेले यात्रेकरू यांमुळे युद्ध धान्याच्या हिशेबात कसे हरले जाते, हे वाचकाच्या अंगावर येते. दोष आहे तो भाऊसाहेबांच्या चित्रणात. बखरीने त्यांच्यावर ठेवलेला हट्टीपणाचा ठपका पुसण्याच्या आवेशात कादंबरीकार त्यांचा वकील होतो. प्रत्येक चुकीचा धनी दुसरा कोणी निघतो आणि भाऊंना स्वतःविषयी शंका घेण्यास सवड उरत नाही.

तरीही हा दोष तुलनेने हलका मानावा लागतो. भाऊंची बाजू मांडताना पाटील जो पुरावा पुढे करतात, तो तपासता येतो, खोडताही येतो. ‘स्वामी’तील रमाबाईंच्या मनाशी वाद घालण्यासाठी मात्र वाचकाच्या हाती कागदाचा तुकडाही नाही.