ओली काच आणि निवडीचा प्रश्न : जॉन्सनच्या छायाचित्रग्रंथाचे एक वाचन

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात निघालेल्या छायाचित्रांना अलीकडे संशोधनसाधन म्हणून मोठेच महत्त्व आले आहे. वेशभूषेचा, जातिव्यवस्थेचा, नगररचनेचा अभ्यास करणारे विद्यार्थी ही चित्रे प्रबंधांत पुरावा म्हणून दाखल करतात. आणि या चित्रांत साम्राज्यसत्तेची नजर शोधणाऱ्या समीक्षेचाही आता एक प्रघात पडून गेला आहे. ही नजर तेथे होती, याविषयी वाद नाही. परंतु ती चित्रात नेमकी कोठे पाहावयाची, याचा निकष बहुधा सांगितला जात नाही. ताठरलेली माणसे, काळवंडलेले चेहरे, पांढरेफटक आकाश या साऱ्यांचा एकाच दमात ‘सत्तेची दृष्टी’ म्हणून उल्लेख होतो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान हे आहे. त्या शास्त्रातील एका साध्या तत्त्वाचा येथे उपयोग होऊ शकेल असे वाटल्यावरून हा विषय हाती घेतला आहे.

ते तत्त्व असे की, जेथे पर्याय असतो तेथेच अर्थ संभवतो. ‘मूल झोपले’ असे म्हणणारा मराठी भाषक त्या मुलाला नपुंसक ठरवीत नाही. ‘मूल’ या नामाबरोबर ते रूप त्याला वापरावेच लागते. उलट ‘बस’, ‘बसा’ आणि ‘बसावे’ यांपैकी तो कोणते रूप योजतो, यावरून ऐकणाऱ्याशी असलेले त्याचे नाते उघड होते, कारण तेथे त्याला निवड करता येते. अनिवार्य रूपावर हेतू लादणे ही जशी चूक, तशीच निवडलेल्या रूपाला ‘भाषेची पद्धत’ म्हणून सोडून देणे हीही चूकच. छायाचित्राच्या वाचनातही हा विवेक हवा. आणि त्यासाठी ते चित्र ज्या क्रियेतून निघाले तिचे व्याकरण प्रथम समजून घेतले पाहिजे.

२

हे व्याकरण म्हणजे ओल्या काचेची, म्हणजेच कोलोडियनची पद्धत होय. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती १८५१ साली प्रसिद्ध केली. गनकॉटन ईथर व अल्कोहोल यांत विरघळवून केलेल्या चिकट द्रवात आयोडाइडचे क्षार मिसळावयाचे, तो द्रव काचेवर ओतून काच चहूकडे कलती करीत सारखा पसरावयाचा, मग अंधारात ती काच काही मिनिटे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून तिच्यावर प्रकाश पाडावयाचा. लगेच अंधारखोलीत परतून फेरस सल्फेटने प्रतिमा उमटवावयाची, हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडने ती पक्की करावयाची आणि शेवटी व्हार्निश द्यावयाचे. द्रव ओतल्यापासून प्रतिमा उमटेपर्यंत हाती दहा-पंधरा मिनिटे असतात. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. तेव्हा आपल्याकडील उन्हाळ्यात हा अवधी आणखी आखडतो. थर वाळला की काच निकामी होते. यास्तव छायाचित्रकार जेथे जाई तेथे अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी त्याच्याबरोबर जाई.

या क्रियेची दुसरी अट रंगांची आहे. कोलोडियनच्या थरावर निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होतो. पिवळ्या व तांबड्याचा जवळजवळ होत नाही. निळे आकाश म्हणूनच कोरे पांढरे येते. निळीत रंगविलेले लुगडे फिकट दिसते, हळदीचा पिवळा रंग काळसर होतो, कुंकू काळे पडते, भगवे पागोटे गडद येते. त्वचेच्या सावळ्या-तपकिरी छटेतून निळा प्रकाश थोडाच परत येत असल्यामुळे चेहरा डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक काळा उमटतो. तिसरी अट काळाची. काही सेकंद निश्चल राहिल्यावाचून व्यक्तिचित्र स्पष्ट येत नसे. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावीत. हसू टिकविण्यापेक्षा ओठ मिटून बसणे सोपे असे.

म्हणून या काळातील चित्रात एखाद्या कुणब्याचा चेहरा काळा व गंभीर दिसतो, यावरून छायाचित्रकाराच्या वंशविषयक कल्पनेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्याच काचेवर बसलेला लालबुंद साहेबही सावळा आणि गंभीरच उमटतो. या काळेपणाचा त्या काळच्या वंशशास्त्राने पुरावा म्हणून उपयोग केला असेल, तर तो दोष त्या वाचनाचा आहे. आणि आजच्या समीक्षकाने त्याच काळेपणाला हेतूचा पुरावा मानले, तर तोही नकळत त्याच चुकीच्या वाचनात सामील होतो.

३

आता जॉन्सनच्या ग्रंथाकडे वळू. विल्यम जॉन्सन हा मुंबईत सरकारी नोकरीत होता आणि १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या आद्य सभासदांपैकी एक होता. विल्यम हेंडरसन याच्या सहकार्याने त्याने १८५६ ते १८५८ या काळात ‘दि इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक चालविले. पुढे त्याने ‘दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा द्विखंडात्मक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. पहिल्यात गुजरात, कच्छ व काठेवाड येथील समाज आहेत, तर दुसरा महाराष्ट्राचा आहे.

या ग्रंथातील कित्येक चित्रांत माणसे एका काचेवरची आणि पार्श्वभूमी दुसऱ्या काचेवरची आहे. आधी घेतलेल्या समूहचित्रांतील आकृती वेगळ्या करून त्या एखाद्या देवळाच्या, तलावाच्या किंवा रस्त्याच्या दृश्यावर बसविल्या आहेत. लक्षपूर्वक पाहिल्यास सांधा ध्यानात येतो : माणसांवरील प्रकाशाची दिशा दृश्यातील प्रकाशाशी जुळत नाही, प्रमाण बिघडते, पायाखालच्या जमिनीवर सावली नीट पडत नाही.

हा सांधा अनिवार्य होता काय? ओल्या काचेवर एकाच वेळी माणसे आणि दूरचे दृश्य साधणे कठीण होते, हे खरे. तंबू आणि बाटल्यांसह प्रत्येक समाजाच्या वस्तीपर्यंत जाणे त्याहूनही कठीण होते. परंतु माणसांमागे साधी भिंत किंवा पडदा ठेवण्याचा मार्ग मोकळा होता, आणि मुंबईतील व्यावसायिक स्टुडिओ तेच करीत. जॉन्सनने तो मार्ग सोडला. मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या किंवा कामानिमित्त आलेल्या माणसांना त्याने शहरातून उचलले आणि ‘त्यांच्या’ प्रदेशात नेऊन उभे केले. ग्रंथाच्या नावात ‘रहिवासी आणि पाहुणे’ असे म्हटले आहे, पण चित्रे मात्र त्यांचे शहरातील राहणेच पुसून टाकतात. येथे पर्याय होता, म्हणून येथे अर्थ आहे. आकाश पांढरे येणे ही रसायनाची गोष्ट. त्या पांढऱ्या आकाशाखाली कोणाला उभे करावयाचे, ही जॉन्सनची.

दुसरी निवड भाषेची आहे आणि छायाचित्रांच्या चर्चेत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. चित्रांखाली जातिवाचक नामे आहेत. विशेषनामांना तेथे जागा नाही. मानेला आधार लावून, श्वास आवरून निश्चल बसलेल्या माणसाला नाव विचारण्याइतका वेळ ओल्या काचेच्या पद्धतीत भरपूर असतो. किंबहुना ही पद्धत बसणाऱ्याच्या संमतीवाचून आणि सहकार्यावाचून चालतच नाही. ते सहकार्य घ्यावयाचे आणि नाव वगळावयाचे, हे कोणत्याही रसायनाने सक्तीचे केलेले नाही. या ग्रंथावर आक्षेप घ्यावयाचाच तर तो येथे घ्यावा. चेहऱ्यांच्या काळेपणावर घेतलेला आक्षेप ढिला आहे आणि तो खोडला गेला की खरा आक्षेपही दुबळा ठरण्याची भीती आहे.

४

यावर कोणी म्हणेल की, कोलोडियन स्वीकारणे हीच मुळात निवड नव्हती काय? आक्षेप रास्त आहे. थॉमस बिग्जने १८५५ च्या सुमारास विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे कागदी निगेटिव्हवर घेतली. असा कागद आधी तयार करून नेता येतो, तंबू सोबत लागत नाही. तेव्हा वास्तुचित्रणात ओली काच हा पर्यायांपैकी एक होता आणि तिने मिळणारे बारकावे हे ती निवडण्याचे कारण होते. व्यक्तिचित्रणात मात्र कागदाची गती फारच मंद असल्यामुळे १८५५ नंतर वस्तुतः दुसरी वाट उरली नव्हती. म्हणजे एकच क्रिया एका प्रकारात निवड असते आणि दुसऱ्या प्रकारात अनिवार्यता. भाषेतही एकच रूप एका संदर्भात वैकल्पिक व दुसऱ्यात अनिवार्य असतेच.

या निकषाने देशी छायाचित्रकारांकडेही अधिक न्यायाने पाहता येते. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे याच सोसायटीचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ काढला. कॅमेऱ्यामागे देशी माणूस आला म्हणून कुंकू तांबडे उमटत नाही. त्यांच्या चित्रांचे वेगळेपण छटांत किंवा ताठरपणात शोधणे व्यर्थ होय. स्टुडिओत पैसे देऊन येणारा गिऱ्हाईक आपला पोशाख आणि आपली ऐट आपण ठरवितो. चित्र त्याच्या नावाने, त्याच्या घरी जाते. क्रिया तीच, निवडीचा अधिकार मात्र खुर्चीवर बसलेल्याकडे सरकतो. फरक शोधावयाचा तो या ठिकाणी.

५

१८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा रूढ झाल्या आणि ओली काच मागे पडली. छापखान्यांच्या ब्लॉककामात ती पुढेही पुष्कळ वर्षे टिकली. आज काही छायाचित्रकार ती हौसेने आणि व्यवसाय म्हणूनही पुन्हा वापरतात. त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. १८५८ साली ओली काच हे रूढ, अचिन्हित रूप होते. आज इतर सर्व पर्याय हाताशी असताना ती निवडली जाते, म्हणून ती चिन्हित आहे. तेव्हाचा काळा चेहरा काही सांगत नव्हता. आजचा सांगतो, कारण आजच्या छायाचित्रकाराला तो टाळता येत होता. सावळ्या माणसाला अधिक काळा करून त्याच्याभोवती ‘जुनेपणा’ उभा करणारे आजचे चित्र हेतूच्या प्रश्नातून सुटू शकत नाही.

इंदिरानगरच्या आमच्या वस्तीपासून पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर अगदी जवळ आहे. तेथील क्षहरात व सातवाहन काळातील प्राकृत शिलालेख आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. काळा मुलामा दिलेल्या पत्र्यावर किंवा काचेवर याच पद्धतीने घेतलेले थेट चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. अशा चित्रात ब्राह्मी लेख उजवीकडून डावीकडे जाईल आणि अक्षरांची तोंडे फिरतील. निगेटिव्हवरून कागदावर छापलेले चित्र मात्र सुलटे येते. लिपिशास्त्राचा विद्यार्थी ही गोष्ट एका क्षणात ओळखील, कारण ब्राह्मीची दिशा त्याला ठाऊक आहे. पण अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूस आहेत यावरून समाज ठरविणाऱ्याला, किंवा पदर कोणत्या खांद्यावर आहे यावरून प्रांत ठरविणाऱ्याला सावध करणारी अशी अक्षरे चित्रात नसतात. म्हणून जुने छायाचित्र प्रबंधात घेण्यापूर्वी ते कोणत्या क्रियेचे, निगेटिव्हवरचे की थेट, एका काचेचे की दोन काचांचे, आणि त्याखालचे शब्द कोणाचे, एवढे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर जे उरेल, त्याची जबाबदारी छायाचित्रकारावर निःशंकपणे टाकावी. त्याआधी ती टाकणे हा छायाचित्रकारावर अन्याय आहेच. पण श्वास रोखून बसलेल्या त्या निनावी माणसांवर तो अधिक आहे, कारण त्यांच्या बाजूने करावयाचा युक्तिवादच आपण चुकीच्या जागी खर्च करतो.