आकडा मिळाला, पण मोजले काय?

पुस्तकाचे परीक्षण होते, उपकरणाचेही होते. पण उपकरणाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. वास्तविक उपकरण वापरणाऱ्याचा पहिला शिक्षक हे माहितीपत्रकच असते. या लेखात असेच एक माहितीपत्रक तपासायचे आहे. उपकरण मात्र काचेचे वा धातूचे नाही. 'पायसोशलवॉचर' नावाची ती संगणकाची एक आज्ञावली आहे.

ही आज्ञावली काय करते ते आधी पाहू. फेसबुकवर जाहिरात देणाऱ्याला आपला प्रेक्षक निवडता येतो. देश कोणता, वय किती, स्त्री की पुरुष, कशाची आवड, हे त्याने सांगितले की अशा किती जणांपर्यंत जाहिरात पोहोचू शकेल याचा अंदाज फेसबुक लगेच देते. प्रत्यक्ष जाहिरात दिली नाही तरी हा अंदाज मिळतो. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना यात माहितीची मोठी खाण दिसली. पण चाळीस-पन्नास देश, प्रत्येकी अनेक वयोगट आणि अनेक आवडी घेतल्या, तर हजारो प्रश्न विचारावे लागतात. ते काम हाताने होणारे नाही. म्हणून मातेउस आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायथन या संगणकीय भाषेत ही आज्ञावली लिहिली आणि सर्वांना वापरण्यास खुली केली.

तिची मार्गदर्शिका कृतीच्या बाबतीत चांगली आहे. फेसबुकने दिलेली परवानगीची खूण आज्ञावलीला कशी पुरवावी, प्रश्न कोणत्या नमुन्यात लिहावा, एखाद्या आवडीसाठी फेसबुकने ठरवलेला संकेतांक कसा शोधावा, हे सारे क्रमाने सांगितले आहे. थोडेफार पायथन येणारा विद्यार्थी ती वाचून आकड्यांचा तक्ता मिळवू शकेल.

आमचा आक्षेप याच्या पुढचा आहे. आकडा कसा आणावा हे मार्गदर्शिका सांगते. आलेला आकडा कशाचा आहे, हे समजण्यासाठी मात्र निर्मात्यांचा शोधनिबंध उघडावा लागतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध अतिशय प्रामाणिक आहे. तंबाखूसेवन, लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्याशी निगडित आवडी असणाऱ्यांची संख्या त्यांनी ४७ देशांत मोजली. तिच्यावरून त्या त्या देशातील रोगाचे प्रमाण ओळखता येते का, हे त्यांनी तपासले. तुलनेसाठी रोगाशी संबंध नसलेल्या आवडीही घेतल्या. देशादेशांची तुलना करताना हा संबंध अगदी क्षीण आढळला, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आत काय चालते हे न पाहता हे अंदाज वापरण्यातील धोकेही त्यांनी दाखवून दिले. इतका मोलाचा इशारा निबंधात राहतो आणि आज्ञावली मात्र इशाऱ्याविना हातोहात फिरते, ही खरी अडचण आहे.

हा इशारा किती आवश्यक आहे ते एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील १८ ते २४ वयाच्या ४ कोटी १० लाख लोकांपर्यंत आपण पोहोचू शकतो, असे फेसबुकची जाहिरात-यंत्रणा २०१७ साली सांगत होती. जनगणना खात्याच्या अंदाजाप्रमाणे त्या वयाचे लोकच होते सुमारे ३ कोटी १० लाख! जे अस्तित्वातच नाहीत असे एक कोटी तरुण आले कोठून? एकाच माणसाची दोन खाती असू शकतात, वय तर ज्याचे त्याने सांगितलेले असते, आणि पाहुणे-प्रवासीही मोजणीत येतात. फेसबुकचे उत्तर असे होते की, हे अंदाज जनगणनेशी जुळावेत म्हणून केलेलेच नाहीत. उत्तर रास्त आहे. पण मग ते वाक्य मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर हवे.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. लहान गटासाठी ही यंत्रणा खरी संख्या न देता १००० हाच आकडा देते, असा अनुभव २०१८ नंतरच्या अभ्यासकांनी नोंदवला आहे. म्हणजे ९०० माणसे आणि ९ माणसे तक्त्यात सारखीच दिसतात. आपण वर्नियर कॅलिपरचे लघुतम माप विचारल्याशिवाय वाचन घेऊ देत नाही. येथे तर तळाची हजार मापे एकच आहेत.

तिसरी गोष्ट काळाची. २०२१ पासून फेसबुक एका आकड्याऐवजी खालची आणि वरची अशा दोन मर्यादा देऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये आरोग्य, धर्म, राजकीय मते अशा संवेदनशील विषयांवरील अनेक आवडी निवडीतून काढून टाकण्यात आल्या. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ज्या आरोग्य-अभ्यासासाठी हे साधन घडले, त्याच अभ्यासाच्या खुणा पट्टीवरून पुसल्या गेल्या. ज्याच्या हाती मूळ उपकरणाची मालकी नाही, त्याने प्रत्येक वाचनाशेजारी तारीख लिहिलीच पाहिजे.

म्हणून हे साधन टाकाऊ ठरते का? नाही. फेसबुकवरील स्त्री-पुरुषांच्या संख्येचे गुणोत्तर घेऊन देशोदेशींच्या स्त्रिया इंटरनेटपासून किती दूर आहेत, याचा अंदाज २०१८ मधील एका अभ्यासात केला गेला. तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आकडेवारीशी ताडून पाहिला, म्हणून त्याला वजन आले. त्या अभ्यासात गैरहजर असलेल्या स्त्रिया हाच मोजणीचा विषय होता. एरवी मात्र जिच्या हाती फोन नाही ती मुलगी तक्त्यात शून्य म्हणूनसुद्धा दिसत नाही. आणि अशा तक्त्यावरून आरोग्याची वा मदतीची योजना आखली, तर ती तिच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

अशा मार्गदर्शिकेत आज्ञांच्या आधी चार नोंदी असाव्यात असे आम्हाला वाटते: येथे माणसे मोजली आहेत की खाती, कोण मोजणीबाहेर राहते, सर्वांत लहान विश्वसनीय आकडा कोणता, आणि हे सर्व कोणत्या तारखेला खरे होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत 'साहित्य' आणि 'कृती' यांच्यानंतर 'दक्षता' हा मथळा असतो. पुष्कळदा तो मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवला जातो. शिक्षकांनी वर्तमानपत्रातील एखादा आकडा फळ्यावर लिहून वरचे चार प्रश्न वर्गाला विचारून पाहावेत. तो मथळा कशासाठी असतो, हे मुलांना त्यातून चांगले कळेल.